आलात तर शोभा येईल

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. त्यांच्या शेजारच्या सवितादीदींचा फोन. "आंटी, टीचरजी नहीं रहीं," एवढंच त्या म्हणाल्या. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, तर माझ्या तोंडून निघालं, "किल्ली कोणाजवळ आहे?" दीदींना मराठी थोडंफार समजतं. उशीखाली होती, मी काढून ठेवली आहे, असं त्यांनी सांगितलं. माझी सून हातातला डबा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, म्हातारीचं काळीज आहे की दगड! पण आमच्या संग्रहालयाची किल्ली आणि नलूताई या माझ्या डोक्यात कधी वेगळ्या नव्हत्याच. गवार तशीच टाकून उठले. त्यांच्या घरी, रायपूरच्या तात्यापाऱ्यात, पोचेपर्यंत रडले नाही. पोचले, त्यांच्या ओट्यावर चपलांचा ढीग पाहिला आणि रडायच्या ऐवजी रागच आला. एवढी माणसं! यातल्या एकाच माणसाच्या चपला महिनाभर आधी, एका सकाळी, तासाभरासाठी आल्या असत्या ना... जाऊ द्या. सांगतेच सगळं.

या पेपरच्या पुरवणीसाठी ताईंवर चार शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही लिहिणारी बाई नाही. रेल्वेच्या ऑफिसात फायलींत जन्म गेला. पण ताईंविषयी बाकीचे जे बोलतात, त्यागी होत्या, तपस्विनी होत्या, ते ऐकून डोकं उठतं माझं. तपस्विनी कायच्या? चांगल्या भांडकुदळ होत्या. जिभेला धार होती, जेवणात तिखट लागे, आणि कोणी वेळेवर आलं नाही की त्याला सगळ्यांदेखत झापत. एका माणसापाशी मात्र त्यांची जीभ अडली, आणि त्यात सगळं गेलं.

नवं राज्य झालं, आमचं रायपूर एकदम राजधानी झालं, तेव्हाची गोष्ट. जमिनीचे भाव असे चढले की लोकांना आपापली घरं अंगणासकट डोळ्यांत खुपायला लागली. बूढ़ापारा, तात्यापारा, जिकडे तिकडे पाडापाडी. कॉम्प्लेक्स होऊन राहिला म्हणायचे, आणि घरातलं जुनं सामान ट्रॉलीत भरून भंगारात. अशाच एका पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यावर मी ताईंना पहिल्यांदा पाहिलं. सुती साडी, खांद्याला पर्स, पायात बाटाच्या चपला, आणि ठेकेदाराशी हिंदीत कडाकडा भांडण चाललेलं. मी दळण घेऊन चालले होते. माझ्या तोंडून सहज निघालं, "बापा, पडन न ही बाई!" त्यांनी वरूनच ऐकलं. "तू मराठी होय काय? मग उभी काहून राहिली? हे पकड." आणि माझ्या दळणाच्या पिशवीवर एक लाकडी माप येऊन पडलं. धान मोजायचा काठा होता तो, इकडच्या घराघरात असतो तसा, कडा हाताने घासून गुळगुळीत झालेल्या. मी तो त्यांच्या घरापर्यंत नेऊन दिला. चहा मिळाला. पुढच्या आठवड्यात मला आणखी एक काम मिळालं, आणि मग सुटका झालीच नाही.

ताई शाळेत भूगोल शिकवायच्या. यजमान लवकर गेले, मूल नव्हतं. मी रेल्वे कॉलनीतली, विहारात जाणारी. त्या तात्यापाऱ्यातल्या, गणपतीत आरतीला पुढे उभ्या राहणाऱ्या. एरवी आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण कामाला लागलेल्या माणसाला जातगोत विचारायला वेळ नसतो, आणि ताईंनी तर कधीच विचारलं नाही. त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि पडवी वापरायला दिली. कागद नाही, काही नाही. "वापरा बाई," म्हणाले, झालं. त्या दोन खोल्यांत आमचं संग्रहालय. विदर्भातून रेल्वेबरोबर इकडे आलेल्या घरांचं आणि आधीपासून इथं असलेल्या घरांचं रोजचं सामान: काठे, सुपं, मातीची कोठी, कोशाचं रेशीम काढायचे चरखे, पाटे-वरोटे, पाणी तापवायचे बंब. राजा-महाराजांचं काही नाही. लोक येऊन हसायचे, म्हणायचे, हे तर आमच्या आजीकडे होतं. ताई विचारायच्या, आता कुठं आहे? मग हसणं थांबायचं.

न्यास नोंदवायची वेळ आली तेव्हा सात विश्वस्त लागत होते. विश्वस्त म्हटलं की आपल्याकडे काय असतं, पाटीवर नाव, पहिल्या रांगेत खुर्ची, वर्षातून एकदा शाल-श्रीफळ. ताईंनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की हे चालणार नाही. आठवड्याचे सात वार, सात विश्वस्त, ज्याचा वार त्याची पाळी. ज्याची पाळी त्याने दार उघडायचं, झाडायचं, पुसायचं, येणाऱ्याला सगळं दाखवायचं. माझा गुरुवार. पैसा ज्याच्या त्याच्या ऐपतीने, पण द्यायचाच. सातही जणांचा हात खिशात गेल्याशिवाय बाहेर कोणापुढे हात पसरायचा नाही. "आपणच नाही दिलं तं दुसरा काहून देईन?" हे त्यांचं म्हणणं. आणि तिसरी अट सगळ्यात जाचक. प्रत्येकाने आपल्या घरातली एक वस्तू आणायची, आणि तीसुद्धा माळ्यावरची अडगळ नाही.

मी एक फुटका हंडा घेऊन गेले होते. ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "शीले, मी काय भंगारवाली दिसते तुले? ज्याच्यावाचून तुझ्या घरी अडते, ते आण." मला इतका राग आला की मी दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही. माझे वडील पॉइंट्समन होते. त्यांची हातबत्ती, लाल-हिरव्या काचेची, आमच्या घरी रोज पुसली जायची. लाइट गेली की आई तीच लावायची. वडील गेल्यावर तर आई त्या बत्तीशी बोलायची, खोटं नाही सांगत. तीच शेवटी मी नेली. आईने दोन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः रिक्षा करून संग्रहालयात आली, बत्तीसमोर बसली, आणि शाळेची पोरं आली तर त्यांना ती कशी धरायची, हिरवी केव्हा दाखवायची, लाल केव्हा, सगळं शिकवलं. मग मरेपर्यंत दर गुरुवारी माझ्या आधी तयार होऊन बसायची. तेव्हा कळलं मला ताईंचं गणित. ज्याची वस्तू तिथं आहे, त्याला त्या दाराशी यावंच लागतं.

पहिली काही वर्षं अशी गेली की सांगता सोय नाही. आमच्या सातांतल्या डॉक्टरसाहेबांनी आपल्या आईचा रोजच्या वापरातला खलबत्ता दिला आणि सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी येऊन फरशी पुसत. वकीलसाहेब पुसताना पँट गुडघ्यापर्यंत वर करायचे, आम्ही हसायचो. भांडणं व्हायची, चिवडा व्हायचा. पण शहर फुगत गेलं. कोणी तात्यापारा सोडून लांब कॉलनीत बंगला बांधला, कोणाची मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेली आणि हे सहा-सहा महिने तिकडे. पाळी चुकायला लागली. आधी फोन यायचा, आज जमत नाही, ताई. मग फोनही बंद. ताई मुकाट दुसऱ्याची पाळी करायच्या. मग दोघांची, मग तिघांची. बैठकीला पाच जण जमले नाहीत तर न्यासाचा कोणताच ठराव होत नाही, असा आमचा नियम होता, आणि ते पाच जमवण्यासाठी ताई आठवडाभर आधीपासून दारोदार फिरायच्या. विश्वस्तांच्या जागा दोनदा रिकाम्या झाल्या. एका जागी कॉलेजातल्या प्राध्यापिका बाई आल्या, त्या बऱ्या. दुसऱ्या जागी सर्वांनी मिळून शहराबाहेर सिलतऱ्याला लोखंडाचा, स्पंज आयर्नचा, कारखाना असलेल्या एका सेठजींना आणलं आणि सरळ अध्यक्ष करून टाकलं.

इथं आमची चूक झाली. आमची म्हणजे आपल्या सगळ्या मराठी माणसांची म्हणा हवं तर. सेठजी मोठा माणूस, परभाषेचा, आपल्या विनंतीला मान देऊन आलेला. त्याला वार कसा द्यायचा? फडकं कसं द्यायचं हातात? पहिल्याच दिवशी त्यांना शाल घातली, नारळ दिला, मधल्या खुर्चीवर बसवलं. मंगळवार त्यांच्या जागेचा होता, तो ताईंनी परस्पर स्वतःकडे घेतला. वस्तू मागितली नाही. पैसाही मागितला नाही; एवढा मोठा माणूस, तो काय स्वतःहून देणार नाही, असं प्रत्येकाच्या मनात. मागणं बरं दिसत नाही. जावयाला कोणी सांगतं का, की बापा, जाताना नळ दुरुस्त करून जा? तसं ते दरवर्षी यायचे, शाल घ्यायचे, चहा प्यायचे, आणि खोल्यांतून हळूहळू फिरायचे. एकदा त्या काठ्याजवळ बराच वेळ उभे राहिले. आजोबा असंच माप घेऊन गावोगाव धान घ्यायचे, असं मला म्हणाले. मी हसून हो म्हटलं आणि चहा आणायला गेले. ताई पाठीमागे उभ्या होत्या, त्यांनीही ते घरचं माप मागितलं नाही.

मग गुरुजी वारले. त्यांच्या मुलाने वर्षश्राद्धापर्यंत कळ काढली, हे त्याचं चांगुलपणच म्हणायचं. दिवाळीच्या आधी घर रिकामं करून द्या, मला पाडायचं आहे, असं त्याने हात जोडून सांगितलं. तोंडी दिलेलं घर, तोंडीच परत. ताईंचं वय सत्तरीपार, गुडघे गेलेले, आणि दोन खोल्या भरून सामान. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. शाळेतल्या मुख्याध्यापकाला न घाबरलेली बाई, पण पडवीत बसून एकेका वस्तूकडे बघत होत्या आणि म्हणत होत्या, "शीले, हे कुठं जाईन वं? हे कुठं जाईन?"

त्यांनी सरकारी ऑफिसांचे उंबरठे झिजवले. मीही जायचे सोबत. नव्या रायपुरात, जिथं अजून माणसं कमी आणि रस्ते जास्त, तिथं एका सरकारी विभागाचा एक हॉल रिकामा होता. चांगला, पक्का, शाळेच्या सहलींच्या वाटेवरचा. तिथल्या अधिकारी म्हणजे तरुण पोरगीच होती, पण हुशार. तिने आमचं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच गोष्ट मागितली. तिने पुष्कळ न्यास पाहिले होते, पाटीवर नावं आणि आत मकडीची जाळी. म्हणून ती स्वतः आमच्या बैठकीला येणार, आणि विश्वस्तांनी तिच्यासमोर ठराव करायचा: हॉल आम्ही चालवू, आमचा वेळ आम्ही देऊ, आमचा वाटा आम्ही उचलू. "बिल्डिंग सरकार दे सकती है, मैडम," ती म्हणाली, "ट्रस्टी कहां से देगी?" बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, पोट्टी माझ्या वर्गात पायजे होती.

बैठक ठरली. पाच जण हवे होते. ताई, मी, प्राध्यापिका बाई, हे तीन पक्के. चौथे इंजिनिअरसाहेब, म्हातारे, पण शब्दाचे पक्के. डॉक्टरांच्या घरी मुंज होती, तेही नेमकं त्याच दिवशी. वकीलसाहेब मुलाकडे निघून गेलेले. राहता राहिले सेठजी. ताई म्हणाल्या, मी स्वतः जाऊन सांगते. एवढ्या उन्हात बसने सिलतऱ्याला गेल्या, एकट्या. माझी सून आजारी होती म्हणून मी घरी. संध्याकाळी त्या माझ्याकडेच आल्या, साडीवर काळी धूळ, चेहरा थकलेला, पण खूश. सेठजींनी मान दिला, एसीत बसवलं, सरबत पाजलं. मी विचारलं, तुम्ही काय म्हटलं त्यांना?

"म्हटलं, आप आएंगे तो शोभा बढ़ेगी."

"शोभा? ताई, शोभा काहून? तुमच्यावाचून ठराव पडते, घर जाते, हे नाही सांगितलं?"

"असं कसं सांगू वं त्यायले? पाहुणा माणूस आहे."

"पाहुणा नाही, विश्वस्त आहे तो!"

 ताई पदराने चेहरा पुसत म्हणाल्या, येतो म्हणाले ना, येतीन. मला झापायचं सुचलं नाही त्यांना, यावरून समजा काय ते. माझ्या मनात आलं, आपण फोन करावा. केलाही. कोणीतरी मॅनेजर बोलला, साहेबांना निरोप देतो म्हणाला. काय निरोप दिला असेल? कार्यक्रम आहे, बाई लोकांनी बोलावलं आहे, हार वगैरे आहे... हाच ना?

बैठकीच्या सकाळी ताईंनी पडवीत स्वतः सडा टाकला. अधिकारी पोरगी वेळेवर आली. आम्ही चौघं. पोहे झाले, चहा झाला. इंजिनिअरसाहेब सारखे रस्त्यावर जाऊन बघत होते. ताई त्या मुलीला एकेक वस्तू दाखवत होत्या, इतक्या सावकाश, की वेळ जावा आणि गाडीचा आवाज यावा. दोन खोल्या त्या केवढ्या! सगळं दाखवून झालं. मग पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागल्या. ती मुलगीही पुन्हा फिरली त्यांच्याबरोबर. शेवटी सेठजींच्या मॅनेजरचा फोन आला की भट्टीत बिघाड झाला आहे, साहब माफी मांगते हैं, शुभकामना भेजी है. शुभकामना! ताईंनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि पडवीतल्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. मुलगी जाताना त्यांच्या पाया पडली. तिला लिहावंच लागलं की विश्वस्त आले नाहीत. काही दिवसांनी कळलं, हॉल दुसऱ्या कोणाला तरी गेला.

त्यानंतर ताई जेमतेम महिनाभर होत्या. लोक म्हणतात, वय झालं होतं. डॉक्टरसाहेब म्हणतात, हृदय. मी म्हणते, ती बाई वाट पाहून पाहून गेली. त्या दिवसांत त्या दुपारी फोन करायच्या आणि काही बोलायच्याच नाहीत. मी ऑफिसातल्या जुन्या गोष्टी सांगायचे, सुनेच्या चुगल्या सांगायचे, पलीकडे नुसता श्वास. एकदाच म्हणाल्या, "शीले, मी आपल्या लोकायले इतकं टोचून टोचून मागितलं... अन् त्याच्याजवळ मले मागता नाही आलं. काहून वं?"  भीड भिकेची बहीण, आपल्या म्हाताऱ्या सांगून गेल्या, पण ऐकतं कोण.

तेरवीनंतर संग्रहालयाच्या पडवीत शोकसभा झाली. आणि बघा, सगळे आले! डॉक्टर आले, वकीलसाहेब मुलाकडून विमानाने आले, सेठजी सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच. फोटोला हार, दोन मिनिटं शांतता, भाषणं. शांततेच्या वेळी मी डोळे मिटलेच नाहीत. एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. जिवंतपणी त्या बाईला पाच माणसं मिळाली नाहीत, आणि मेल्यावर आम्ही सहाही हजर. सभा संपली, लोक उठले, तशी मी म्हटलं, विश्वस्तांनी बसा. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. मी हिंदीतच विचारलं, सेठजींना कळावं म्हणून. सांगा, ताईंसाठी कोणी काय दिलं? शेवटची पाळी कोणी केव्हा केली? वकीलसाहेब म्हणाले, ही काही वेळ नाही. मी म्हटलं, वेळ होती तेव्हा तुम्ही कुठं होता? ते रागावून उठले, राजीनामा देतो म्हणाले. द्या म्हटलं, निदान ते तरी द्या. डॉक्टर खाली बघत बसले. मग मी सेठजींकडे वळले, आणि जे ताईंच्या तोंडून निघालं नाही ते सगळं त्यांना सांगितलं. पाच माणसांचा नियम. तो हॉल. तुमची एक खुर्ची रिकामी होती म्हणून काय गेलं ते.

 सेठजी हातातली पाण्याची बाटली फिरवत राहिले. मग म्हणाले, "दीदी, इतने साल आप लोगों ने मुझे शॉल दी. मांगा तो कभी कुछ नहीं."

मला त्या माणसाला थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्याच्याजवळ बसून रडावंसंही वाटलं. कारण खरं होतं ते. त्याला रोज माणसं मागायला येत असतील, देवळाला, शाळेला, निवडणुकीला. जो मागतो त्याला तो देतो. आमच्याकडे कोणी मागत नाही, म्हणून याला वाटलं, यांना काही लागत नाही, नुसतं माझं नाव लागतं. तो मान घेऊन जात राहिला आणि आम्ही तो देत राहिलो. मी म्हटलं, आता मागते. "मंगलवार आपका. कपड़ा घर से लाना." ते म्हणाले, हव. छत्तीसगढ़ी हव, म्हणजे हो, लहानपणीचा असावा. तेवढाच.

आता सामान सिलतऱ्याला आहे, सेठजींच्या एका रिकाम्या गोदामात. दिवाळीच्या आधी हलवलं. काठे, चरखे, कोठी, माझ्या बापाची बत्ती, सगळं. गोदामही काही कायमचं नाही. उन्हाळ्यापर्यंत मिळेल, मग त्यांच्या मुलांना माल ठेवायला पाहिजे. सिलतऱ्यात काळी धूळ उडते, कारखान्यांची. पुसून मागं वळलं की पुन्हा तीच. बत्तीची हिरवी काच पुसते, तासाभरात बोट फिरवलं की बोट काळं. कधी कधी मी तिथंच खाली बसते आणि मोठ्याने रडते, गोदामात कोण ऐकतं? ताई, तुम्ही सुटल्या, असं म्हणते. दुसरा हॉल शोधायचा तर ठराव पाहिजे, आणि ठरावाला पाच माणसं. वकीलसाहेब गेले, डॉक्टरांनीही प्रकृतीचं कारण दिलं. उरलो चार, त्यात इंजिनिअरसाहेबांना आता घरचा जिना उतरवत नाही. सेठजी मात्र मंगळवारी येतात, चौकीदार सांगतो, फडकं स्वतःचं आणतात. हे आधी झालं असतं तर... एवढ्यावर माझं वाक्य अडतं, रोज.

ताईंना एक सवय होती. पाळीवर असल्या की दाराशी दोन खुर्च्या मांडायच्या, एक स्वतःला आणि एक जो कोणी येईल त्याला. मीही गोदामाच्या शटरपाशी दोन मांडते. माझीवर बसते, दुसरी पुसून ठेवते. दिवसभर ती काळी होत जाते. मी पुन्हा पुसते.

रायपुरात हा पेपर येतो, एक दिवस शिळा का होईना, पण तात्यापाऱ्यात, कॉलनीत, विहारात मराठी घरं तो वाचतात, मला माहीत आहे. म्हणून मागते. तीन विश्वस्त पाहिजेत. शाल मिळणार नाही, नारळ मिळणार नाही, खुर्ची मिळेल ती धुळीची. आठवड्याचा एक वार द्यावा लागेल, खिशात हात घालावा लागेल, आणि घरातली अशी वस्तू द्यावी लागेल की देताना जीव तुटेल. आलात तर शोभा येईल, असं मी म्हणणार नाही. नाही आलात तर हे सगळं उन्हाळ्यात भंगारात जाईल. गुरुवारी मी तिथं असते.